वक्तृत्व मंडळ : उद्दिष्ट आणि आखणी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)
— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



आपल्या शाळेच्या वक्तृत्व मंडळाविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा चिटणीस साहेबांनी मला केली आहे. विषय ऐकून काही पालकांच्या मनात आले असेल की, भाषणे करून कोणाचे पोट भरते? मुलाने गणित करावे, इंग्रजी सुधारावे, दहावीला चांगले गुण मिळवावेत. भाषणे करायला पुढारी आहेतच. ही शंका मला गैर वाटत नाही. म्हणून मंडळाची थोरवी गाण्याआधी मी माझ्याच हातून झालेली एक चूक आपणांपुढे ठेवतो. हे भाषण पुढे स्मरणिकेत वाचणाऱ्यांनीही ती लक्षात घ्यावी, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते त्या चुकीतून शिकलेले आहे.

मी नोकरीला नुकताच लागलो होतो, तेव्हाची गोष्ट. त्या वेळी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी दहावीतला एक चुणचुणीत मुलगा मी निवडला. भाषण मी लिहिले. कोठे थांबायचे, कोठे हात उंचवायचा, कोठे आवाज चढवायचा, सारे मीच बसवून घेतले. मुलाने तीन आठवडे पाठांतर केले आणि कप आणला. तो कप मुख्याध्यापकांच्या खोलीतील काचेच्या कपाटात ठेवला गेला. माझेही कौतुक झाले.

पुढे जूनमध्ये तोच मुलगा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला गेला. दाखल्यावर वडिलांच्या नावातील एक अक्षर चुकले होते. त्याने ते तिथेच, खिडकीशी उभे असताना पाहिले. मागे रांग होती, कारकून घाईत होते. मुलाने सही केली, दाखला घडी करून खिशात घातला आणि घरी आला. दोन वर्षांनी वडिलांनी आखातातून त्याच्यासाठी कामाचे बोलावणे पाठवले, तेव्हा पासपोर्टच्या कागदांत ते अक्षर आडवे आले. प्रतिज्ञापत्र झाले, हेलपाटे झाले, पैसे गेले; आणि कागद सरळ होईपर्यंत ती जागा दुसऱ्याने भरली.

तो मला भेटला तेव्हा मी रागानेच विचारले, "अरे, तिथल्या तिथे सांगितले का नाहीस? तू तर कप आणलेला मुलगा!" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, तिथं काय बोलायचं ते कुणी लिहून दिलं नव्हतं ना."

हे त्याने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. जे होते ते सरळ सांगितले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पाचशे माणसांसमोर सात मिनिटे न अडखळता बोलणारा हा मुलगा एका खिडकीशी "साहेब, हे अक्षर चुकले आहे" एवढे पाच शब्दांचे वाक्य बोलू शकला नाही. मी त्याला बोलायला शिकवलेच नव्हते. माझे बोलणे त्याच्या तोंडून वदवून घेतले होते, इतकेच.

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे लोक म्हणतात. आपल्या मुलांनी माती विकायला शिकावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. आपल्या घरांतले सोने मात्र पडून राहते आहे, हे मी दर वर्षी पाहतो. वहीत सुरेख निबंध लिहिणारी मुलगी मुलाखतीत स्वतःचे नाव सांगताना पुटपुटते. हुशार मुलगा शंका विचारत नाही आणि तीच चूक वार्षिक परीक्षेत करतो. घरातले वडीलधारे दवाखान्यात दुखणे नीट सांगत नाहीत, कचेरीत हक्काचा कागद मागत नाहीत. बोलता न आल्यामुळे होणारे नुकसान कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिले जात नाही, म्हणून ते आपल्या ध्यानात येत नाही.

आणखी एक शंका आहे, ती जास्त खोल आहे. "सर, मुलांना बोलायला शिकवाल तर ती उलट बोलू लागतील." मोठ्यांसमोर तोंड वर करून बोलू नये, ही आपल्या घरची शिस्त आहे आणि ती चांगली आहे. पण अदब आणि मुकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले म्हणणे शांतपणे, योग्य शब्दांत, समोरच्याचा मान राखून सांगणे ही अदबच आहे. ज्याला हे जमत नाही, तो एक तर गप्प बसतो किंवा शेवटी ओरडतो. उलट उत्तरे देणारी मुले बहुधा तीच असतात, ज्यांचे सरळ बोलणे कोणी ऐकून घेतलेले नसते. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांनी फिरऔनकडे जाण्यापूर्वी जिभेची गाठ सुटावी म्हणून दुआ मागितली आणि सोबतीला भाऊ हारून यांना मागून घेतले, हे आपण सर्व जाणतो. नीट बोलता यावे असे वाटणे आणि त्यासाठी सोबत मागणे, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता मंडळाकडे वळतो. बोलण्याचा सराव मंडळ करून घ्यावा, ही कल्पना नवीन नाही. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपली एक साहित्य व विज्ञान सभा काढली. दादाभाई नौरोजी त्यात होते. तरुण मंडळी जमत, निबंध वाचीत, त्यांवर चर्चा करीत. पण ती नुसती चर्चेवर थांबली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८४९ साली, त्याच सभेच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढच्या कॉलेजात १८८४ साली सिडन्स युनियन क्लब निघाला. इंग्लंडमधील केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची वादसभा त्याच्या नजरेसमोर होती. आपल्या समाजातील मुले तेथे नियमाने उभी राहून वादविवाद करीत. म्हणजे शिक्षणाची जी खटपट आपल्या पूर्वजांनी केली, तीत बोलण्याच्या सरावाला पहिल्यापासून जागा होती.

तिसरे उदाहरण अमेरिकेचे आहे आणि आजच्या विषयाला ते फार जवळचे आहे. राल्फ स्मेडली नावाचे एक गृहस्थ तरुणांच्या एका संस्थेत काम करीत. आपल्याकडे येणाऱ्या तरुणांना सभेत बोलता येत नाही, सभा चालवता येत नाही, हे पाहून त्यांनी १९०५ च्या सुमारास सरावाचे मंडळ काढले. कल्पना चांगली होती, मुले येत. परंतु स्मेडली यांची बदली दुसऱ्या गावी झाली की मागचे मंडळ थंडावे. पुढे १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी त्यांनी पुन्हा मंडळ उभे केले. तेथे कामे सभासदांत वाटलेली होती : कोणी अध्यक्ष, कोणी वेळ मोजणारा, कोणी भाषणावर अभिप्राय देणारा. त्या मंडळापासून टोस्टमास्टर्स ही संस्था वाढली आणि आज ती जगातील अनेक देशांत आहे.

हा इतिहास मी मुद्दाम सांगितला, कारण माझेही पहिले मंडळ असेच बुडाले. या शाळेत आल्यावर मी उत्साहाने मंडळ काढले. जुलैत चाळीस नावे आली. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हजेरी सहावर आली. का? एक कारण असे की, मनातले उद्दिष्ट पुन्हा कप हेच होते. ज्या दोघांना कप मिळण्याजोगा होता, त्यांनाच बोलायची संधी मिळे आणि बाकीचे अडतीस टाळ्या वाजवायला बसत. टाळ्या वाजवायला कोण किती दिवस येणार? दुसरे कारण असे की, सारे माझ्या एकट्यावर होते. मी प्रशिक्षणाला गेलो तेव्हा तीन आठवडे सभा झाली नाही, आणि चौथ्या आठवड्यात कोणी विचारलेही नाही.

पुढल्या वर्षी मी मे महिन्यातच वही घेऊन बसलो. आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला आखणी शिकवावी लागत नाही. लावणीच्या दिवशी रोप शोधायला कोणी निघत नाही. तरवा आधी पेरून ठेवलेला असतो. मंडळाचा तरवा म्हणजे उद्दिष्ट. ते आधी, आकड्यात आणि लेखी पाहिजे. "मुलांचा सर्वांगीण विकास" असे उद्दिष्ट लिहिले तर वर्षअखेर ते साधले की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून ते नेहमीच साधले असे म्हणता येते! आम्ही तीन उद्दिष्टे लिहिली आणि वर्गाच्या भिंतीवर लावली.

पहिले : प्रत्येक सभासदाने वर्षात तीन वेळा तयारी करून आणि चार वेळा आयत्या विषयावर बोलले पाहिजे.

दुसरे : प्रत्येकाने सभेचे एक तरी काम केले पाहिजे : अध्यक्ष, वेळ पाहणारा, इतिवृत्त लिहिणारा किंवा अभिप्राय देणारा.

तिसरे : कोणीही दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण करायचे नाही. शिक्षकाने लिहिलेले नाही, अब्बांनी लिहिलेले नाही, मोबाईलवरून उतरवलेलेही नाही.

कप हा शब्द या यादीत कोठेही नाही. स्पर्धा वाईट असते असे माझे म्हणणे नाही. ज्याला हौस असेल त्याने जरूर जावे. पण मंडळाचे यश कपाटात मोजायचे नाही, हजेरीच्या वहीत मोजायचे, एवढे आम्ही ठरवले.

आता आखणी. ती सगळी साध्या गणिताची आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी कान देऊन ऐकावे. आम्ही शाळेचे वेळापत्रक समोर ठेवले. चाचण्या, सहामाही, गणपतीची आणि दिवाळीची सुट्टी, सहल, स्नेहसंमेलन हे दिवस वजा केले. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा त्या वर्षी तो कधी येतो हे पाहून तो महिना मोकळा ठेवला. जुलैत लावणीला घरी हात लागतात, म्हणून त्या महिन्यात एकच सभा ठेवली. एवढे करून फेब्रुवारीपर्यंत सोळा शनिवार उरले. शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावर एक तास, म्हणजे मुले दुपारच्या गाडीने घरी पोहोचतात.

एका तासात तयारीची सहा भाषणे होतात. सोळा सभांची शहाण्णव झाली. प्रत्येकाला तीन द्यायची, म्हणजे सभासद किती घेता येतील? बत्तीस. त्याहून एकही जास्त घेतला तर कोणाची तरी पाळी बुडणार. आयत्या विषयावर एकेक मिनिट बोलणारे आठ. सोळा सभांत एकशे अठ्ठावीस. बत्तिसांना भागले की चार. उद्दिष्टातले तीन आणि चार हे आकडे असे आले आहेत, हवेतून आलेले नाहीत. जास्त नावे आली तर दुसरा गट करावा, दुसरा शिक्षक शोधावा. पण एका गटात साठ नावे कोंबून संख्या मोठी दाखवू नये.

तो एक तासही आम्ही वाटून घेतला. सुरुवात आणि मागच्या सभेचे इतिवृत्त, सहा मिनिटे. सहा भाषणे, प्रत्येकी तीन, अठरा मिनिटे. प्रत्येक भाषणावर अभिप्राय दोन मिनिटे, म्हणजे बारा. आयते बोलणे आठ मिनिटे. उठण्याबसण्यात सहा मिनिटे जातातच, ती आधीच धरलेली बरी. शिक्षकाचे बोलणे सहा मिनिटे. बाकी वेळ शिक्षकाने मागच्या बाकावर गप्प बसायचे, आणि आम्हा शिक्षकांना हेच सर्वांत अवघड जाते! शेवटची चार मिनिटे पुढच्या सभेची नावे वाचायला. मंडळाला खर्च किती? एक जाड वही, वर्गातले घड्याळ आणि पुठ्ठ्याचे तीन तुकडे : हिरवा, पिवळा, लाल. दोन मिनिटे झाली की हिरवा, अडीचला पिवळा, तीनला लाल. लाल दिसल्यावर वाक्य पुरे करून बसायचे, मग तो अध्यक्षांचा मुलगा असो की शिपायाचा.

वहीत बत्तीस नावे आणि सात रकाने : तीन तयारीचे, चार आयते. बोलला की रकान्यात तारीख पडते. ऑक्टोबरअखेर वही सर्वांसमोर उघडायची आणि ज्यांचे रकाने कोरे असतील त्यांची नावे पुढच्या सभांत आधी घालायची. ही एक गोष्ट केली नाही तर मंडळ हळूच चार बोलक्या मुलांचे होऊन बसते. माझे पहिले मंडळ असेच झाले होते. पदाधिकारी दर चार सभांनी बदलतात, म्हणजे वर्षात चार संच तयार होतात. आठवीची मुले नववीच्या मुलांच्या हाताखाली शिकतात, कारण दहावीचे निघून जाणारच. आणि मंडळाला शिक्षक दोन पाहिजेत, त्यांतील एक बाई असाव्यात. मी उद्या आजारी पडलो तरी शनिवारची सभा झाली पाहिजे.

बोलायचे कशावर? आयत्या विषयाच्या चिठ्ठ्या मुलेच लिहितात. आमच्या गावची जेट्टी. मासळी महाग का झाली? पावसात शाळेची वाट. अब्बांचा फोन येतो तेव्हा. यांतल्या दोन चिठ्ठ्या दर सभेला कामाच्या बोलण्याच्या असतात : दाखल्यात चूक आहे, कारकुनाला सांगा, आजीला डॉक्टरांकडे नेले आहे, तिचे दुखणे सांगा, दुकानदाराने पैसे कमी परत दिले, भांडण न करता मागा. एक मुलगा टेबलामागे बसून कारकून होतो, कपाळाला आठ्या घालतो. हसू होते, पण खिडकीशी उभे राहण्याची भीती तिथेच मोडते. ही चिठ्ठी मी कोणाच्या आठवणीने घातली, हे आता आपण ओळखले असेल.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. घरी कोकणी बोली, मक्तबात उर्दू, शाळेत मराठी आणि पुढे इंग्रजी, अशा चार वाटांवरून आपले मूल रोज ये-जा करते. माझ्या लहानपणी एका स्पर्धेत मी "पाणी"चे "पानी" आणि "शाळा"चे "शाला" म्हणालो. पुढच्या रांगेत हसू फुटले. पुढची सारी वाक्ये मी विसरलो आणि त्यानंतर तीन वर्षे व्यासपीठावर चढलो नाही. म्हणून आमच्या मंडळात एक कडक नियम आहे : उच्चारावर हसायचे नाही. जो हसेल, त्याने पुढच्या सभेत पहिले बोलायचे. पहिले भाषण ज्याला जी भाषा जवळची वाटेल तीत करावे. दुसरे आणि तिसरे मराठीत. उच्चार सुधारतात, मी स्वतः सुधारले. पण बोलत राहिले तरच सुधारतात. आपल्या घरची बोली ही लपवायची वस्तू नाही. तीत ज्याला गोष्ट रंगवून सांगता येते, त्याला मराठीतही सांगता येईल.

अभिप्राय देण्यालाही शिस्त हवी. आधी काय आवडले ते नेमके सांगायचे. "छान बोललास" चालणार नाही. काय छान, ते सांगा. मग सुधारण्याची एकच गोष्ट सांगायची. पाच चुका सांगितल्या तर मूल पाचही विसरते आणि अपमान तेवढा लक्षात ठेवते. अभिप्राय देणारा नीट ऐकायला शिकतो, हा आणखी एक फायदा. बत्तीस मुले एक तास दुसऱ्याचे ऐकून घेतात, हेच मला कधी कधी भाषणांपेक्षा मोठे शिक्षण वाटते.

आता मुलींविषयी. मघाशी मी ज्या अमेरिकन संस्थेचे नाव घेतले, तिने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९७३ साली. १९२४ पासून मोजा. एकोणपन्नास वर्षे लागली. आपण एवढे थांबायचे कारण नाही. आमच्या बत्तिसांत सोळा मुली आहेत, आणि ही संख्या आखणीतच ठरवलेली आहे. जागा राखून ठेवल्या नाहीत तर मुलगे हात आधी वर करतात, असा माझा अनुभव आहे.

एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे. ऑगस्टमध्ये तिची आयत्या विषयाची पाळी आली. ती पुढे आली, चिठ्ठी वाचली आणि गप्प उभी राहिली. आमचा नियम असा की ते मिनिट तिचे आहे. ते तिच्याकडून कोणी काढून घ्यायचे नाही, कोणी शब्द सुचवायचा नाही. आम्ही सारे थांबलो. मिनिट फार लांब असते, हे त्या दिवशी कळले. वेळ झाली, लाल पुठ्ठा वर गेला, ती जागेवर गेली. वहीत तारीख पडली. पुढच्या वेळी ती दोन वाक्ये बोलली. तिसऱ्या वेळी मिनिट पुरे केले.

जानेवारीत संस्थेची सभा होती आणि विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही सांगायचे आहे काय, असे अध्यक्षांनी विचारले. दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी कोणी उठत नाही. या वर्षी ती उठली. म्हणाली, "मुलींच्या स्वच्छतागृहातली टाकी दुपारनंतर रिकामी असते. त्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. काही जणी त्या दिवसांत शाळेलाच येत नाहीत. टाकी दोनदा भरावी अशी विनंती आहे." एवढे बोलून ती बसली. एक मिनिटही झाले नसेल. आठ दिवसांत दुसरी टाकी बसली. पदाधिकारी समोर आहेत, म्हणून त्यांचे आभार मानून सांगतो : ती अडचण आम्हा कोणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण ती कोणी बोललेच नव्हते. आमच्या मंडळाने अजून एकही कप आणलेला नाही. ती टाकी मात्र मागच्या आवारात आहे. जाताना अवश्य पाहा.

सारे साधले, असे मात्र मी म्हणणार नाही. वर्षअखेर वही उघडली तेव्हा बत्तिसांपैकी सत्तावीस जणांचे सातही रकाने भरले होते. पाच जणांचे राहिले. एक मुलगा आजारी होता. दोघांना घरच्या कामामुळे शनिवारी थांबता आले नाही. दोन मुलींना घरून परवानगी मिळाली नाही. वही होती म्हणून हे पाच जण कोण, ते कळले. नाही तर आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. त्या दोन मुलींच्या घरी मी आणि बाई जाऊन आलो. एका आजींनी विचारले, "मास्तर, पोरगी बोलायला लागली तर लग्नात आड नाही ना येणार?" बाई म्हणाल्या, "आजी, तिच्या लेकराला ताप आला तर डॉक्टरला नीट सांगता यायला नको का?" आजी हसल्या. दुसऱ्या घरी अजून होकार नाही. आम्ही पुन्हा जाऊ.

पालकहो, आपणांकडे तीन गोष्टी मागतो. पहिली, रोज पाच मिनिटे मुलाचे बोलणे मध्ये न तोडता ऐका. वडील परदेशी असतील तर फोनवर "अभ्यास कर" एवढेच सांगून ठेवू नका, "आज शाळेत काय विचारलेस?" असे विचारा. दुसरी, भाषण लिहून देऊ नका. तुम्ही दिलेले भाषण चांगले असेल, पण ते तुमचे असेल. माझी चूक तुम्ही करू नका. तिसरी, पाहुण्यांसमोर मुलाच्या बोलण्याची नक्कल करून हसू नका. आपल्याला ती गंमत वाटते, मूल मात्र वर्षभर तोंड मिटून घेते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडे कामाचे. तीन मिनिटांचे भाषण म्हणजे साधारण तीनशे ते साडेतीनशे शब्द, वहीची दीड-दोन पाने. त्यात दहा मुद्दे मावत नाहीत. एकच गोष्ट सांगायची ठरवा आणि ती पटवायला स्वतः पाहिलेली दोन-तीन उदाहरणे घ्या. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पक्के करा, मधले पाठ करू नका; चिठ्ठीवर चार शब्द लिहा आणि बोला. घड्याळ समोर ठेवून तीनदा मोठ्याने बोलून पाहा. बंदरावर, शेताच्या बांधावर, कोठेही. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, पुढे जा. ऐकणाऱ्याला तुमचा थांबा तुम्हाला वाटतो त्याच्या निम्माही लांब वाटत नाही. पाय थरथरतील. माझे आत्ताही थरथरत आहेत, पण टेबल मध्ये असल्यामुळे आपणांस दिसत नाहीत!

येत्या वर्षाची आखणी आम्ही लिहून काढली आहे. दुसरा गट सुरू करायचा आहे, त्यासाठी आणखी दोन शिक्षक तयार झाले आहेत. मागच्या वर्षीच्या पाच नावांना पहिल्या सभांत जागा राखून ठेवली आहे. बत्तीस नवी नावे लिहायची आहेत, त्यांत सोळा मुली. वही या मेळाव्यानंतर बाहेरच्या टेबलावर ठेवलेली असेल. नाव मुलाने किंवा मुलीने स्वतः येऊन सांगायचे आहे, अब्बांनी किंवा अम्मींनी नाही. आपले पूर्ण नाव, वडिलांचे नाव, इयत्ता मोठ्याने सांगा. लिहिणाऱ्याने काय लिहिले ते वाचून पाहा. एखादे अक्षर चुकले असेल, तर तिथल्या तिथे सांगा.

लाल पुठ्ठा वर जाण्याआधी माझे भाषण संपवतो. खुदा हाफिज.